एकाच पत्त्याची दोन यंत्रं

माझ्या नवऱ्याचे हात भाजले, त्या वर्षी मी नेटवर्किंग शिकले. शिकले असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. मी त्याचे हात झाले होते. तो खुर्चीवर बसायचा, मी शेजारी स्टुलावर, कीबोर्ड माझ्या मांडीवर, आणि तो सांगेल ते अक्षर मी दाबायचं. बोलताना मी त्याला अहो-जाहोच करते. लिहिताना मात्र ‘तो’ येतं, ते तसंच राहू देते.

आम्ही दोघं धुळ्याकडचे. लग्नानंतर बोईसरला आलो, कारण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. टाक्यांवरची दाबाची, तापमानाची मीटरं बघायची, बिघडली की दुरुस्त करायची, हे त्याचं काम. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी उघडली की कधी कुजक्या अंड्यांचा वास यायचा, कधी नेलपॉलिशचा. वासावरून तो सांगायचा की आज कुठल्या बाजूला काय शिजतंय. नवीन लग्न होतं, मला त्याचंही कौतुक वाटायचं.

एका सकाळी कारखान्यात माल सुकवायच्या ड्रायरजवळ सॉल्व्हंटची वाफ पेटली. तो तेव्हा मीटरचं झाकण काढून उभा होता, दोन्ही हात पुढे. शेजारी बॅटरी धरून एक हेल्पर होता, मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरचा. पावसाळ्यात घरचा भात लावायचा आणि कापणी झाली की ठेकेदाराकडे कामाला यायचा. भडका फार वेळ टिकला नाही म्हणतात. हेल्पर आठवडाभरात गेला. माझ्या नवऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, मानेची एक बाजू भाजली, आणि तो वाचला.

तो उन्हाळा आम्ही मुंबईला भाजलेल्यांच्या वॉर्डात काढला. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून हातांवर लावली. घरी आलो तेव्हा जखमा भरत होत्या, पण भरता भरता कातडी आकसत होती आणि बोटं आत ओढली जात होती. शिरगावच्या एक मावशी दिवसाआड ड्रेसिंगला यायच्या. आयुष्यभर एका दवाखान्यात आयाचं काम केलेल्या. पट्टी कोमट पाण्यात भिजवून त्या अशी सोडवायच्या, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढतायत.

“भाऊ, बोटं उघडा.”

“उघडत नाहीत, मावशी.”

“दुखतात म्हणून तुमी उघडत नाय. आता नाय उघडलीत तर मग कधीच उघडायची नाय.”

तो दात आवळून प्रयत्न करायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे आवाज ऐकू येऊ नये.

कारखान्याने त्याला हलकं काम देऊ केलं, गेटवर गाड्यांची नोंद बघायचं. तो गेला. दुपारच्या आत परत आला. शर्टावर उलटी होती. गेटपाशी वारा फिरला आणि तोच वास आला, एवढंच म्हणाला. त्यानंतर त्या रस्त्याला तो कधी गेला नाही, आणि मीही जा म्हटलं नाही.

घरी त्याने स्वतः सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर होता. तो म्हणाला, घरी बसून करता येईल असं काम शिकतो. नेटवर्कचा ऑनलाइन कोर्स घेतला. दुसऱ्यांचे सर्व्हर लांबून सांभाळायचे, कुठे काय अडलंय ते शोधायचं. मीटरं बघण्यासारखंच आहे, म्हणाला, फक्त आग लागत नाही. हे बोलताना तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही.

सुरुवातीला तो फोनमध्ये बोलून लिहायला बघायचा. साधं वाक्य उमटायचं, पण पडद्यावरच्या काळ्या खिडकीत लिहायच्या आज्ञा, त्यातले डॅश, स्लॅश, ठिपके, ते काही फोनला कळेना. मग त्याने तळहाताला पेन्सिल बांधून एकेक बटण दाबून पाहिलं. नवीन कातडीला फोड आला आणि मावशींनी पेन्सिल उचलून खिडकीबाहेर फेकली. तेव्हा मी स्टूल ओढलं. लग्नाआधी मी संगणकाचा सरकारी कोर्स केला होता. टायपिंग बरं होतं. बाकी सगळं विसरले होते.

कोर्समध्ये दोन कॉम्प्युटर एकमेकांशी जोडून सराव करायचा होता. आमच्याकडे एकच. त्यावर उपाय म्हणून एक सॉफ्टवेअर असतं. ते एका कॉम्प्युटरच्या आत दुसरे कॉम्प्युटर तयार करतं. हात लावता येईल असं काही नसतं, पण त्यांना वाटतं आपण खरे आहोत. चालू होतात, बंद होतात, नेटवर जातात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. आम्ही असं एक यंत्र तयार केलं. त्याला नीट बसवायला आमचा अख्खा आठवडा गेला. दुसऱ्यासाठी पुन्हा तेवढे कष्ट नकोत म्हणून तो म्हणाला, “याचीच कॉपी कर.” माऊसचं बटण दाबलं, थोडी वाट पाहिली, की हुबेहूब दुसरं तयार. मी पहिल्याला थोरलं म्हणायची, दुसऱ्याला धाकटं.

“सर्व्हर आणि क्लायंट म्हण,” तो चिडायचा.

“लक्षात राहत नाही हो.”

“मग लक्षात ठेव.”

तो फार चिडायला लागला होता. पूर्वी असा नव्हता. मी डॅशच्या जागी खालची रेघ दाबली, की खुर्चीतून अर्धा उठायचा. हात पुढे यायचे, कीबोर्डपर्यंत येऊन थांबायचे. त्या थांबलेल्या हातांकडे मी बघायची नाही. मी चूक पुसून पुन्हा लिहायची.

त्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलतं करायचं होतं, तेच जमेना. सेटिंगमध्ये आधी जो पर्याय होता, त्यात दोघंही नेटवर जायची, पण सॉफ्टवेअर दोघांनाही एकच पत्ता द्यायचं आणि एकमेकांपासून दूर ठेवायचं. हे त्याला माहीत होतं. त्याने ब्रिज नावाचा पर्याय घ्यायला लावला. त्यात आतली यंत्रं थेट घरच्या राउटरला जाऊन भिडतात, आणि राउटर प्रत्येकाला आपापला पत्ता देतो. इमारतीत एकाच दरवाज्यावर दोन कुटुंबं राहत असली तर पोस्टमन गोंधळेल, म्हणून वेगळा नंबर लागतो, असं त्याने मला समजावलं. समजावताना तो पूर्वीसारखा असायचा.

मग पिंग केलं. पिंग म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. थोरल्याच्या पडद्यावर मी धाकट्याचा पत्ता लिहिला, एंटर दाबलं, आणि धडाधड उत्तरं येऊ लागली. एकाखाली एक ओळी.

“आलं!” तो ओरडला. “आलं ना, बघ!” आणि कोपराने माझ्या खांद्यावर एक ढुशी दिली. आग लागल्यापासून तो पहिल्यांदा असा हसला होता. मी उठून चहा टाकला. साखर जास्त घातली. चहा घेऊन आले तर तो पडद्याकडे टक लावून बघत होता.

“फार लवकर येतंय उत्तर,” तो म्हणाला. “धाकटं बंद कर.”

मी बंद केलं. उत्तरं येतच राहिली.

मला कळेना. त्याला लगेच कळलं होतं. राउटरने दोघांनाही एकच पत्ता दिला होता. थोरलं स्वतःलाच हाक मारत होतं आणि स्वतःच ओ देत होतं. शेजारी कोणी नव्हतं तरी त्याला फरक पडत नव्हता. चहा तसाच राहिला. त्याला पेल्याने चहा मला पाजावा लागायचा, आणि त्या दिवशी त्याने तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारण त्यानेच शोधलं. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला एक आकडा असतो, जन्मखुणेसारखा. आम्ही कॉपी केली तेव्हा धाकट्याला थोरल्याचाच आकडा आला होता. सेटिंगमध्ये शेजारीच दोन गोल बाणांचं बटण होतं, ते दाबलं की नवा आकडा मिळतो. दाबलं. दोन्ही यंत्रं पुन्हा चालू केली. पत्ता पाहिला. पुन्हा दोघांना एकच.

राउटर बंद-चालू केला. केबल बदलली. नेटवाल्याला फोन केला. तो आला, दारातूनच राउटरचे दिवे मोजल्यासारखे बघितले आणि म्हणाला, “भैया, नेट तो चल रहा है ना? मोबाइल पे चल रहा है ना? फिर?” नवरा त्याला आतली दोन यंत्रं समजावून सांगू लागला. तो मुलगा हातांकडेच बघत होता. शेवटी “ऑफिस में बोल दूँगा” म्हणून गेला.

दिवस जात होते. कोर्सचे पुढचे धडे याच धड्यावर उभे होते. दर शुक्रवारी वीज जायची, तेव्हा पंखा बंद व्हायचा, आणि हातांची खाज त्याला वेडं करायची. लावलेल्या कातडीला घाम येत नाही. आतल्या आत उष्णता कोंडते. बोईसरची दमट हवा साध्या माणसाला नकोशी होते, त्याचं काय सांगावं. तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि मी वर्तमानपत्राने वारा घालायची.

अशाच एका शुक्रवारी दार वाजलं. मासवणकडच्या त्या हेल्परचा बाप होता. वाळकुडा माणूस, डोक्याला फडकं, हातातल्या पिशवीत घरचे तांदूळ. मी पाणी दिलं. तो जमिनीवरच बसला, खुर्ची घेतली नाही. बराच वेळ नवऱ्याच्या हातांकडे बघून म्हणाला, “तुमचा बी लय झाला.”

“हो.”

“माझा पोर तुमच्या बाजूला होता ना?”

“हो. बाजूलाच.”

“काय बोलला का तो? दवाखान्यात आमी गेलो तवा त्याला शुद्ध नव्हती. त्याची आई रोज इचारते. म्हणते, जा, इचारून ये.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. “बोलला,” तो म्हणाला. “आईला सांगा म्हणाला. घाबरू नको म्हणाला.”

म्हातारा मान हलवत राहिला. “तसाच हाय तो,” म्हणाला. तांदूळ ठेवून गेला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत येत राहिला.

दार लावल्यावर मी विचारलं, “खरंच बोलला होता?”

“काय बोलणार?” नवरा म्हणाला. “तो ओरडत होता. मीही ओरडत होतो. कोण कुठला आवाज, तेसुद्धा कळत नव्हतं.”

त्या तांदळाचा भात त्याने खाल्ला नाही. मी खाल्ला. टाकायचा कसा? त्यानंतर तो कॉम्प्युटरपाशी बसेना. औषध घ्यायचा, दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मावशी आल्या की हात पुढे करायचा, पण बोटं उघडायचा प्रयत्न करायचा नाही. मावशींनी एकदा आवाज चढवून पाहिला, मग त्यांनीही नाद सोडला.

मी दुपारी एकटी त्या पडद्यासमोर बसू लागले. हौस होती असं नाही. झोपलेल्या माणसाच्या घरात दुसरं काय करायचं, ते कळत नव्हतं. परदेशातल्या लोकांनी आपापल्या अडचणी लिहिलेली पानं असतात नेटवर. मी इंग्रजी अडखळत वाचते. एकेक शब्द मोबाइलवर बघत वाचायची. बहुतेक पानं निरुपयोगी. कोणी म्हणे हे बदला, कोणी म्हणे सगळं पुसून पुन्हा करा. एका पानावर मात्र एकाने अगदी आमचीच अडचण लिहिली होती. कॉपी केली, कार्डाचा आकडा बदलला, तरी दोघांना एकच पत्ता. खाली कोणीतरी उत्तर दिलं होतं की कार्डाशिवाय यंत्राच्या पोटातही एका फाइलमध्ये त्याची एक ओळख लिहिलेली असते, आणि पत्ता मागताना ते हीच ओळख सांगतं. कॉपी केली की तीही जशीच्या तशी येते. ती फाइल रिकामी करा, यंत्र बंद-चालू करा, ते स्वतःसाठी नवी ओळख बनवेल.

मी धाकटं उघडलं. फाइल रिकामी करायची आज्ञा पाहून पाहून लिहिली, डॅश आणि रेघ दोनदा तपासून. एंटर दाबायच्या आधी मागे वळून पाहिलं. तो झोपलेला होता. दाबलं. यंत्र पुन्हा चालू झालं, आणि त्याचा पत्ता वेगळा आला. शेवटचा आकडा वेगळा.

थोरल्यातून हाक मारली. उत्तरं आली, जरा सावकाश. मग मी धाकटं बंद केलं. उत्तरं थांबली. समोर कोणी नाही, अशा अर्थाची ओळ पडद्यावर यायला लागली, आणि ती ओळ बघून मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मी त्याला उठवलं. तो आला, उभ्यानेच पाहिलं.

“कशात होतं?”

“आतल्या फाइलमध्ये. कोणीतरी लिहिलेलं वाचलं.”

“हं.”

“पुन्हा करून दाखवू का?”

“दिसतंय मला.” आवाजात राग नव्हता. “बरं झालं. आता तुला मी सांगायला लागत नाही.”

“असं काय बोलताय? मला काय कळतंय त्यातलं?”

“कळतंय,” तो म्हणाला, आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी कॉम्प्युटर बंद केला नाही. काय करावं ते सुचत नव्हतं. पंखा फिरत होता, पडद्यावर तीच ओळ पुन्हा पुन्हा येत होती.

कोर्स मात्र त्याने पुरा केला. आता धडा सुरू झाला की माझी बोटं त्याच्या बोलण्याच्या पुढे जायची. मी मुद्दाम थांबायची, तो बोलेपर्यंत. माझं थांबणं त्याच्या लक्षात यायचं. ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. तो चिडायचा बंद झाला होता.

ठाण्याच्या एका कंपनीने ऑनलाइन मुलाखत घेतली. मी त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं लावली, कॅमेरा असा ठेवला की फक्त चेहरा दिसावा. विचारलेलं सगळं त्याला आलं. पॅनेलमधला एक जण खूश होऊन म्हणाला, “आता स्क्रीन शेअर करा, एक छोटं काम करून दाखवा.” त्याने आधीच ठरवलेलं वाक्य म्हटलं, “माझ्या हातांना दुखापत आहे. मी सांगेन, मिसेस टाईप करतील.”

त्यांचं बोलणं सभ्यच होतं. म्हणाले, सर, तुमचं ज्ञान उत्तम आहे, पण पासवर्ड असतात, ग्राहकांची माहिती असते, बाहेरची व्यक्ती कशी चालेल. मग त्यांतल्या एका बाईंनी अगदी सहज विचारलं, “मॅडमनी पण हा कोर्स केलाय का? त्या कुठे काम करतात?”

त्याने पुढे होऊन कीबोर्डवर कोपर टेकवलं. कुठलं तरी बटण दाबलं गेलं, चित्र गेलं. मी त्याच्या शर्टाची बटणं काढली.

पावसाळ्यानंतर उजव्या हाताचं पुन्हा ऑपरेशन झालं. वळलेली बोटं सोडवायला गेले आणि जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली. मावशी बातमी ऐकून स्वतःहून आल्या, ड्रेसिंग नव्हतं तरी. त्याच्याजवळ बसून राहिल्या, मग मला म्हणाल्या, “वहिनी, यांना इथून हलवा. ही हवा यांना सोसत नाय.” कोरडी हवा बरी, हे डॉक्टरही म्हणाले होते. धुळ्याहून त्याचा मोठा भाऊ येऊन त्याला घेऊन गेला. थोडे दिवस, असं ठरलं होतं.

मी इथेच राहिले. कोळगावला जिल्ह्याच्या मुख्य कचेऱ्या आहेत, तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं काम एका ठेकेदाराकडे होतं, आणि त्याला माणूस हवा होता. प्रिंटर चालत नाही, नेट येत नाही, अशा तक्रारी घेऊन मी आता मजल्यामजल्यावर फिरते. लोक मला विचारतात, कुठे शिकलात? मी सांगते, घरी.

गेल्या वेळी गावी गेले तेव्हा तो ओट्यावर बसला होता. तिथे त्याची खाज कमी झाली आहे. रंगही सुधारलाय. जेवण झाल्यावर जाऊ बाहेर गेली, तेव्हा तो म्हणाला, “इकडे येशील का राहायला?”

“इकडे काम काय करू?”

“तेही खरं. मी आपलं म्हटलं फक्त.”

“तुम्ही या ना परत. थंडीत तरी.”

“बघू.”

जावेने चहा ठेवला होता. मी पेला उचलायला हात पुढे केला. त्याने मान हलवून नको म्हटलं. मग दोन्ही मनगटांच्या मध्ये पेला धरला, हळूच तोंडापर्यंत नेला, प्यायला, आणि खाली ठेवला. मी समोर बसून बघत राहिले. माझी गाडी संध्याकाळची होती.